हळूरावांचा इस्त्रीचा शर्ट

माझ्या दादाकडे पांढरा शर्ट एकच आहे, आणि तो लग्नाकार्याला घालत नाही. गाडीची काच गळते की नाही हे बघायला घालतो.

दादा गाड्यांना पुढच्या काचा बसवतो. जुन्या गाड्यांना, ज्यांची काच रबराच्या पट्टीत धरलेली असते. काच बसली, कडेने सीलंट भरून झालं, की दुसऱ्या दिवशी तो अंघोळ करतो, हा शर्ट चढवतो आणि गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसतो. मांडीवर वर्तमानपत्र उलगडून ठेवतो. दारं बंद, खिडक्या बंद. मग मी बाहेरून नळी धरायची आणि काचेवर पाणी सोडायचं, घड्याळ बघून अर्धा तास. अर्ध्या तासाने तो बाहेर येतो आणि पेपर उजेडात धरून बघतो. एक थेंब दिसला तरी सगळं काढून पुन्हा. शर्ट कशाला, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"मळक्या कपड्यावर थेंब पडला तर माणूस म्हणतो, जाऊ दे," दादा म्हणाला. "इस्त्रीच्या शर्टावर पडला की जीव जातो."

गेल्या एकतीस वर्षांत त्या अर्ध्या तासात त्याने पेपरातली एक ओळ वाचलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. पाठ ताठ, डोळे काचेच्या कडेवर, आणि पान काही उलटत नाही. एकदा तर पेपरच उलटा धरला होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणतायत बातम्या? म्हणाला, "नेहमीचंच."

आळीत त्याला हळूराव म्हणतात. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. काच उचलताना हळू, ठेवताना हळू, दार लावताना हळू, भाजीवाल्याने पिशवी टेकवली तरी हळू. आमच्या वहिनीने एकदा रागाच्या भरात ताट आपटलं, तेव्हाही म्हणे हा आतून ओरडला होता, "हळू!" ती म्हणते, त्यानंतर भांडायची मजाच गेली.

दुकान म्हणजे घराला चिकटून असलेली पत्र्याची शेड. मध्ये एक गाडी मावते. एका बाजूला दोन लाकडी घोडे, त्यांवर जुनी रजई घडी करून टाकलेली, म्हणजे काचेला लाकूड लागत नाही. भिंतीवर खिळ्यांना दोऱ्या टांगलेल्या, जाडीप्रमाणे ओळीने. साबणाच्या पाण्याचा डबा, सीलंटच्या नळ्या, रॉकेलच्या चिंध्या. शेडमधून घरात जायला एक दार आहे, आणि त्या दारात उभं राहून वहिनी आमच्या कामावर मत देते. कोणी विचारलेलं नसतं.

काम दोघांचं आहे, एकट्याचं नाही. रबराची पट्टी आधी काचेभोवती घट्ट चढवायची. पट्टीला बाहेरच्या अंगाला आणखी एक खाच असते, तिच्यात साबण लावून दोरी भरायची, गोल पूर्ण वेढा, आणि दोन्ही टोकं खाली मध्यावर मोकळी सोडायची. मग काच बाहेरून गाडीच्या चौकटीला टेकवायची, टोकं आत. आता आत बसलेल्याने दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो, आणि जिथे दोरी निघते आहे नेमकं तिथेच बाहेरच्याने तळहाताने दाब द्यायचा. आधी नाही, नंतर नाही. आतल्याचं काम हाताचं आणि बाहेरच्याचं अंदाजाचं. काच फुटते ती बाहेरच्याच्या हातून.

हे मला नीट माहीत आहे, कारण मी एक फोडली आहे.

तेव्हा मी बावीस वर्षांची. दादाचा आधीचा जोडीदार काम सोडून गेला होता आणि मी हट्टाने आले होते. पहिल्याच महिन्यात त्याने मला बाहेर उभं केलं. नव्याचे नऊ दिवस, मला काय, सगळं येतंच होतं! दोरी कोपऱ्यापर्यंत आली नव्हती आणि मी दोन्ही हातांनी जोर दिला. टक्, एवढाच आवाज झाला. एक रेघ कोपऱ्यातून निघाली आणि माझ्या डोळ्यांसमोर पार पलीकडच्या कडेला गेली. दादा काही बोलला नाही. चार शब्द ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही चार ऐकवले असते आणि संपलं असतं. त्याने मुकाट काच उतरवली, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दोरीचं टोक दिलं. "तू आत बस."

बसले ती एकतीस वर्षं बसले. माझं लग्न झालं, दोन गल्ल्या सोडून घर झालं, मुलं झाली, केस पांढरे झाले, तरी सकाळी येऊन आतच बसते आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला मान्य आहे. पण एकतीस वर्षं फुंकत बसायचं म्हणजे काही ताकालाही मन असतं की नाही?

बरं, कौतुकाच्या बाबतीत तर विचारूच नका. काम चांगलं झालं तर दादा हत्यारं पुसायला लागतो. वाईट झालं तरी हत्यारंच पुसतो. फरक फक्त वहिनीला कळतो, आणि ती सांगत नाही.

गेल्या वर्षी हा माणूस स्टुलावरून पडला. जन्मभर काचा हाताळून कधी मोठी जखम नाही, आणि बल्ब बदलताना पडला. उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, आहे तो एवढाच. दादाने मान डोलावली आणि मग महिनोन् महिने फक्त बाजूच्या छोट्या काचांची कामं घेतली. पुढच्या काचेचं गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, सध्या रबर मिळत नाही. रबर मिळत होतं. भिंतीवर टांगलेलं होतं.

अशात नर्सबाईंच्या गाडीवर झाडाची फांदी पडली.

नर्सबाई एकोणऐंशी वर्षांच्या. गाडी राखाडी, पाठीला गोल, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. त्या गाडीतून बाईंनी अर्ध्या गावाच्या बाळंतपणांना धाव घेतली आहे. आमची वहिनीही तिच्यातूनच दवाखान्यात निघाली होती, पण माझ्या भाच्याला घाई. वाटेतच, मागच्या सीटवर, साहेब हजर. त्या वेळी दादा गाडीच्या पुढे, काचेकडे पाठ करून उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात करून सांगत होता, हळू, हळू. आळीत असं मानतात की नाव तेव्हाच पडलं.

म्हणून अठरा वर्षांपूर्वी एक जुनं काचेचं दुकान बंद होत होतं, तिथे त्याच बनावटीची एक काच दिसली, तेव्हा दादा ती घेऊन आला. "बाईंच्या गाडीला कधीतरी लागेल." तेव्हापासून ती रजईत गुंडाळून वहिनीच्या कपाटाच्या बाजूला उभी आहे. त्यामुळे कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं. "अठरा वर्षं मी माझ्याच कपाटात चोरासारखा हात घालते," वहिनी म्हणते.

फांदी पडली त्या दिवशी नर्सबाई स्वतः चालत आल्या. "काच असेल तर बसव," दादाला म्हणाल्या. "नसेल तर गाडी भंगारात दे. वर जागा उरली तर मलाही ठेव."

"काच आहे बाई," दादा म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा पडला, कारण काच होती, पण बसवणारा हात नव्हता.

त्या बनावटीची काच आता कोणी करत नाही. दादाने तीन ठिकाणी विचारून बघितलं होतं. म्हणजे ही फुटली की गाडी संपली, आणि बाईंचं बाजारात जाणं, डोळे तपासायला जाणंही संपलं. (डोळे तपासायला स्वतः गाडी हाकत जाणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.) दादाने चार दिवस माणसं शोधली. वेल्डिंगवाल्याला विचारलं, टायरवाल्याला विचारलं, पलीकडच्या गावी एक जण होता त्याला निरोप धाडला. मी समोर बसून दोऱ्या गुंडाळत होते. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिण्यासारखं नाही.

शेवटी वहिनी दारात आली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

दादा बराच वेळ हत्यारं पुसत होता. मग म्हणाला, "तू बाहेर उभी राहशील?"

"राहीन."

"घाई नाही करायची."

"दादा, मी त्रेपन्न वर्षांची आहे."

"तेव्हा बावीसची होतीस," तो म्हणाला. म्हणजे लक्षात होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने ती गोष्ट काढली, आणि तीही अशी. मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. मला ती काच बसवायची होती. बाईंसाठी होतीच, पण खरं सांगायचं तर माझ्यासाठी जास्त होती. हीसुद्धा फुटली तर दादा यापुढे माझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नव्हता, आणि मीही ठेवला नसता.

जुनी काच काढून चौकटीची कड साफ करायची होती. वाळून दगड झालेलं सीलंट, रंगाचे पोपडे, सगळं खरवडून पत्रा गुळगुळीत करावा लागतो. हे काम नेहमी माझं असतं, पण या वेळी दादाने मला हात लावू दिला नाही. दोन दिवस डाव्या हाताने खरवडत बसला. मी म्हटलं, वरची बाजू मी करते, तर म्हणाला, "झाली." तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या सगळ्यात मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात रबर मऊ व्हायला टाकलं. नर्सबाई खुर्ची घेऊन शेडच्या कोपऱ्यात बसल्या. हात मांडीवर, चेहरा अगदी शांत. प्रसूतीच्या वेळी त्या अशाच बसत असाव्यात.

काच घोड्यांवर घेतली, रबर चढवलं, दोरी भरली. दादा गाडीत शिरला. मी आणि वहिनीने काच उचलून चौकटीला टेकवली. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. मी मान वर केली तर काचेपलीकडे दादा. इतकी वर्षं मी आतून त्याला बघत आले, भुवया आवळलेला, घाम आलेला, आणि मला वाटायचं हा माझ्यावर चिडलाय. आता मी बाहेर होते आणि माझ्याच भुवया आवळल्या होत्या. चिडणं वगैरे काही नव्हतं. माणूस घाबरला की असाच दिसतो.

"ओढ," मी म्हटलं.

खालची बाजू लोण्यासारखी गेली. मध्यापासून डावीकडे, मध्यापासून उजवीकडे, दोरी चुर्र करत निघत होती आणि माझा तळहात तिच्या मागोमाग. दोन्ही खालचे कोपरे झाले. बाजू झाल्या. डावा वरचा कोपराही झाला. उजव्या वरच्या कोपऱ्याशी आलो आणि माझ्या हाताला काहीतरी लागलं. लागलं म्हणजे दिसलं काहीच नाही. रबर बरोबर उलटलं होतं. पण काच तिथे केसभर उभी होती. दाबली की परत यायची.

"दाब," दादा आतून म्हणाला.

"थांब जरा."

"बसेल ती. दाब."

"दादा, ओढू नकोस."

"अगं एवढंच राहिलंय! जोर दे, होऊन जाईल!"

वहिनीने दारातून मान बाहेर काढली. हळूराव घाई करत होते. सदुसष्ट वर्षांत हे कोणी ऐकलेलं नव्हतं. त्याचा खांदा दुखत असणार, आणि काम एका विताच्या अंतरावर संपत होतं. मीही दमले होते. तळहात जळत होता आणि मलाही मनातून वाटत होतं, दे एक धक्का, होऊन जाईल. पण बावीसाव्या वर्षी दिलेला तो धक्का माझ्या हाताला अजून आठवत होता.

"नाही," मी म्हटलं. "काढायची. सगळी."

"सगळी?"

"सगळी. पुन्हा पहिल्यापासून."

काचेपलीकडे त्याने माझ्याकडे बघितलं. मी हात काचेवरून काढून घेतले आणि मागे सरकले. मग तो वाकून आतून रबराचा ओठ सोडवायला लागला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. ते हळू नव्हतं.

काच पुन्हा घोड्यांवर गेली. मी चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. आतल्या वळणात, खालून दिसणार नाही अशा जागी, जुन्या सीलंटचा एक खडा होता, हरभऱ्याएवढा. पत्र्याला असा चिकटलेला की पत्र्याचाच वाटावा. दाब दिला असता तर काच नेमकी त्याच्यावर टेकली असती आणि तिथूनच रेघ निघाली असती.

दादा माझ्या मागे येऊन उभा राहिला. तो खडा त्याला दिसला. ती जागा त्याच्या खांद्याच्या वर होती. डाव्या हातानेही गाडीवर ओणवं झाल्याशिवाय तिथे पोचता येत नव्हतं, आणि ओणवं होणं त्याला जमत नव्हतं. "झाली" म्हणाला होता तो.

माझ्या जिभेच्या टोकावर इतकं काही आलं होतं! एकतीस वर्षांचं होतं ते. मी त्याच्याकडे बघितलं. पांढरा फटक पडला होता, आणि उजवा हात डाव्या हाताने धरून उभा होता. मग मला आठवलं की त्या दिवशी तो मला काही बोलला नव्हता. इतकी वर्षं मी त्या न बोलण्याला शिक्षा समजत आले. मी पटाशी घेतली, खडा उडवला, कड चिंधीने पुसली आणि म्हटलं, "चहा घेऊया का? रबर परत कोमट करावं लागेल."

"घेऊ," दादा म्हणाला.

नर्सबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेला सोपं जातं." वहिनी हसली. तिला एकच झालेलं आहे.

दुसऱ्या खेपेला खरंच सोपं गेलं. दादाने आतून एक शब्द काढला नाही. मी ओढ म्हटलं की ओढत होता, थांब म्हटलं की थांबत होता. उजव्या वरच्या कोपऱ्याशी त्याने डोळे मिटून घेतले होते, ते मी बघितलं. माझा हात गेला, काच बसली, दोरीचं शेवटचं टोक सुटून त्याच्या मांडीवर पडलं. मग मी सीलंट भरलं, रबराचा ओठ लाकडी पट्टीने उचलत, आधी काचेकडून आणि मग पत्र्याकडून, बोटभरही जागा न सोडता. बाहेर आलेलं रॉकेलच्या चिंधीने पुसलं. दादा जवळ उभा राहून बघत होता. झाल्यावर त्याने हत्यारं पुसायला घेतली. मी वहिनीकडे बघितलं. तिने खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून आला. शर्टाला कडक इस्त्री. गाडीत बसला, मांडीवर पेपर पसरला, दार लावलं. नर्सबाई आपल्या खुर्चीवर. मी घड्याळ बघितलं आणि नळी सुरू केली.

पाणी पत्र्यावर, काचेवर, कोपऱ्यांवर. मी सगळ्यात जास्त उजव्या वरच्या कोपऱ्यावर धरत होते. काचेवरून पाण्याचा पडदा उतरत होता, त्यामुळे आत फक्त पांढरा शर्ट दिसत होता, तोही थरथरता. दहा मिनिटं झाली. मला वाटलं, आता दार उघडून बाहेर येईल, पेपर दाखवील आणि म्हणेल, काढ. पंधरा झाली. वीस झाली. शर्ट हलेना. एव्हाना तो तीनदा तरी वाकून कडा तपासतो. म्हटलं, याला काही झालं तर नाही ना?

नळी वहिनीच्या हातात दिली आणि बाजूच्या खिडकीशी गेले. हाताने काच पुसली आणि आत बघितलं.

दादा झोपला होता.

मान मागे सीटवर टेकलेली, तोंड थोडं उघडं, चष्मा कपाळावर. पेपर मांडीवरून घसरून अर्धा खाली गेला होता. दिसत होता तेवढा कोरडा ठणठणीत. शर्टावर एक ठिपका नव्हता. डोक्यावर पाणी कोसळत होतं आणि हा माणूस लहान मुलासारखा गाढ झोपला होता. जो स्वतःच्या हातच्या काचेखाली कधी पाठ टेकून बसला नाही, तो माझ्या हातच्या काचेखाली घोरत होता.

वहिनीही येऊन वाकली. "दमला असेल," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "नाही गं. तसं नाही."

मी परत येऊन नळी हातात घेतली. डोळ्यांतलं पाणी पुसायची गरज नव्हती, मी तशीही भिजले होते.

"अर्धा तास झाला की," नर्सबाई म्हणाल्या. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून त्या बघत होत्या. "किती वेळ चालायचं?"

"थोडा वेळ, बाई."

"टाकी रिकामी होईल," वहिनी म्हणाली.

होऊ दे, मी म्हटलं. पाण्याचा आवाज थांबला असता तर तो जागा झाला असता.